मुरगूडचे चाळीस दिवस

उचगाव, कोल्हापूर
८ फेब्रुवारी २००४, रविवार

ती. शांताक्का यांना विद्याश्रीचा शरणार्थ.

पाकिटावर माझं अक्षर दिसलं तर तुम्ही ते न फोडताच ठेवून द्याल, अशी भीती वाटली. म्हणून पत्ता प्रेरणाकडून लिहून घेतला. ही पहिली लबाडी इथंच कबूल करते.

आम्ही सगळे बरे आहोत. तुमच्या भावाचं लक्ष्मीपुरीतलं सायकल-पार्टचं दुकान ठीक चाललंय. त्यांची साखर थोडी वाढलीय. घरी चहा बंद केलाय, पण दुकानात पितात हे मला कळतं. मागच्या दारी लावलेला शेवगा यंदा पहिल्यांदाच भरून आलाय. तुमचा ऊस कारखान्याला गेला का? गुडघ्याचं दुखणं वाढलंय असं कानावर आलं. साडेचार वर्षं तुमच्याबद्दल सगळं असं कानावरच येतंय, विचारायची सोय मीच ठेवली नाही.

प्रेरणा आता अकरावीला आहे. दहावीला इंग्रजी राहिलं होतं, ते ऑक्टोबरला निघालं. माझ्यापेक्षा चार बोटं उंच झालीय. केस अजून मानेपर्यंतच आहेत, मुरगूडला तुम्ही कापले होते तसे. वेणीसाठी रोज सकाळी आमच्यात जी मारामारी चालायची ती त्या दिवसापासून संपली. मी मात्र तेव्हा सगळ्यांना सांगितलं होतं, "अक्कांनी पोरीचं रूप घालवलं."

पत्र लिहायला निमित्त झालं ते गेल्या मंगळवारचं.

कॉलेज सुटल्यावर ती रोज एकाच वेळच्या के.एम.टी. बसनं घरी येते. एकच खिडकी, एकच बाजू. त्या दिवशी बिंदू चौकात मोर्चा होता, म्हणून ड्रायव्हरनं गाडी भलतीकडून वळवली. अक्का, सहावीत असताना एस.टी. वाट बदलून गेली तेव्हा तिनं काय केलं होतं ते तुम्हाला आठवत असेल. कंडक्टरच्या हाताला चावली होती. मग भर रस्त्यात आडवी पडली होती आणि मी तिला दोन्ही हातांनी ओढत होते. बघायला अर्धा बाजार जमला होता.

मंगळवारी ती पुढच्या थांब्यावर उतरली. थोडा वेळ भिंतीकडं तोंड करून, कानावर हात ठेवून उभी राहिली. मग समोरच्या फोनच्या बूथमध्ये गेली आणि दुकानात फोन लावला. म्हणाली, "पप्पा, बस दुसरीकडनं गेली. मी फोनच्या दुकानात हाय. मला लई राग आलाय. मी कुणाला मारायच्या आत या."

हे लगेच दुकान तसंच उघडं टाकून स्कूटरवर गेले. ती बूथमधल्या स्टुलावर शांत बसली होती. बूथवाला ह्यांना म्हणाला, "पावणं, पोरगी शानी हाय तुमची. आल्या आल्या सांगितलं, मला हात लावू नका, वडील येत्यात माझे."

घरी आल्यावर मी तिला विचारलं, "असं आधी सांगायचं, हे तुला कुणी शिकवलं?"

"आत्तीनं. मुरगूडला, शेंगा फोडताना. राग आला की हाताच्या आधी तोंडानं सांगायचं." एवढं बोलून ती ताट घेऊन बसली. माझी तव्यावरची भाकरी करपली.

तिच्यासारख्या पोरीच्या तोंडून हे वाक्य फुटायला किती दिवस लागले असतील, ते मला ठाऊक आहे. मिक्सर लावला की किंचाळणारी, कुकरची शिट्टी काढून विहिरीत टाकणारी, पाहुण्यांना तोंडावर "तुमच्या अंगाला वास येतोय" म्हणणारी, एकच पिवळा झगा वर्षभर घालणारी पोर. तेव्हा आम्ही लक्ष्मीपुरीत भाड्यानं राहायचो. शेजारच्या चिमणाबाई म्हणायच्या, अंगात येतंय, उतारा टाका. शाळेच्या बाई म्हणायच्या, लाडावलीय. मी मारलंय तिला, अक्का. लाटण्यानं मारलंय. तिनंही मला मारलं. माझ्या मनगटावर तिच्या दातांची खूण अजून आहे. बांगड्या सरकल्या की दिसते.

ह्या नव्या घराच्या घरभरणीच्या दिवशी तुम्ही मला स्वयंपाकघरात नेऊन जे सांगितलंत, त्यावर मला लिहायचं आहे. पण तिथं यायला हात धजत नाही. आधी दुसरं सांगते.

दोन वर्षांपूर्वी आम्ही प्रेरणाला एका डॉक्टरीण बाईंना दाखवलं. त्या पुण्याहून महिन्यातून एकदा कोल्हापूरला येतात. दोन तास त्या तिच्याशी बोलल्या, मग आमच्याशी. म्हणाल्या, ही हट्टी नाही, वेडी तर नाहीच. हिचं डोकं वेगळ्या रीतीनं चालतं. आवाज, वास, कपड्याची शिवण, आपल्याला जे जाणवतही नाही ते हिला टोचतं. ऑटिझम नावाचं काही असतं, त्यातला प्रकार असावा, पण ह्या वयात आणि मुलीत ठामपणे सांगता येत नाही. नावापेक्षा घरी कसं वागवता ते महत्त्वाचं, असंही म्हणाल्या.

मग त्यांनी विचारलं, घरी काय करता? मी सांगितलं. उद्या काय होणार ते आदल्या दिवशी सांगते. काही बदलणार असेल तर आधी कल्पना देते. मिक्सर लावायच्या आधी ओरडून सांगते, म्हणजे ती गच्चीवर जाते. चिडली की तिला एकटी सोडते, समजवायला जात नाही. नवा झगा आधी चार वेळा धुते, मग देते. बाई बघतच राहिल्या. म्हणाल्या, "शिकलेल्या आयांनाही हे मी महिनोन् महिने सांगते. तुम्हाला कुणी शिकवलं?"

मी म्हणाले, "माझं मलाच सुचलं."

हे शेजारी बसून ऐकत होते. माझ्याकडं त्यांनी इतक्या कौतुकानं बघितलं, की खरं बोलायची वेळ तिथंच निघून गेली. ह्यातली एकूण एक गोष्ट तुमची होती. मुरगूडहून आल्यावर प्रेरणाच मला सांगायची, आत्ती आधी सांगती, आत्ती असं करत न्हाई, आत्ती गप बसती. मी तिच्यावर चिडायचे आणि दुसऱ्या दिवशी गुपचूप तेच करून बघायचे. ते लागू पडायचं. लागू पडलं की तुमचा आणखी राग यायचा.

आता ते लिहिते.

सासूबाई, आपल्या अव्वा, शेवटच्या आजारात होत्या, तेव्हा त्यांना झोपेची गोळी होती. तुम्ही चार महिने त्यांच्या उशाशी होतात, तुम्हीच ती द्यायचात. अव्वा गेल्या आणि अर्धी डबी राहिली. पुढच्या वर्षी प्रेरणाचं फार वाढलं होतं. एका संध्याकाळी तिनं टीव्हीची काच फोडली, आणि मी अर्धी गोळी कुटून तिच्या दुधात घातली. ती शांत झोपली. मला वाटलं, एकदाच. मग आठवड्यातून दोनदा झालं, मग रोज. डबी संपल्यावर अव्वांचीच जुनी चिठ्ठी दाखवून मी नव्या गोळ्या आणल्या. ह्यांना माहीत नव्हतं. शाळेच्या बाई म्हणाल्या, आता सुधारली. ती सुधारली नव्हती, अक्का. ती वर्गात पेंगत होती.

नव्याण्णवच्या मे महिन्यात तुम्ही तिला मुरगूडला मागून घेतलंत, तेव्हा बॅगेत मी गोळ्यांची पुडी ठेवली आणि तुम्हाला सांगितलं, शक्तीच्या आहेत, रोज संध्याकाळी दुधातून द्या. तुम्ही त्या ओळखाल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. किंवा आलं असेल आणि मीच कुणीतरी ओळखावं म्हणून ठेवल्या असतील. आता काहीच खात्रीनं सांगता येत नाही.

तुम्ही एकही गोळी दिली नाहीत. प्रेरणाकडून नंतर तुकड्यातुकड्यानं कळलं, की पहिले आठ दिवस तिला उलट्या होत होत्या, हात थरथरत होते, तिनं तुमची कपबशी, आरसा, सगळं फोडलं. तुम्ही शेताकडं गेला नाहीत. बाहेरच्या सोप्यात शेंगांचं पोतं उघडून बसलात. तीही येऊन बसली.

चाळीस दिवसांनी तुम्ही तिला घेऊन इथं घरभरणीला आलात. चारचौघांत काही बोलला नाहीत. मला आत नेलंत, दार लोटलंत, पुडी माझ्या हातात ठेवलीत आणि म्हणालात, "विद्या, ह्या अव्वाच्या गोळ्या. परत देऊ नगंस. पोरगी जागी असताना लई चांगली हाय."

त्यावर मी बाहेर येऊन, सगळ्या भावकीसमोर, ओरडून म्हणाले, "तुमच्या पोटी पोर नाही म्हणून माझी पळवायला बसलाय व्हय?"

तुमचा चेहरा मला रोज दिसतो. तुम्ही पायात चपला घातल्यात आणि न जेवता गेलात. हे तुमच्या मागं धावले, तर तुम्ही फक्त म्हणालात, "शिवा, जा आत, लोकं जेवायची राहिल्यात." ह्यांनी मला विचारलं, काय झालं? मी सांगितलं, अक्कांनी माझ्या आईपणावर बोट ठेवलं. त्यांनी माझं खरं मानलं. भावाबहिणीचं येणंजाणं तुटलं ते माझ्या ह्या एका खोट्यावर.

पुडी मी टाकली, पण शहाणी झाले म्हणून नाही. मुरगूडहून आल्यापासून प्रेरणानं दूधच सोडलं. "नको," एवढंच म्हणते. का, हे मी कधी विचारलं नाही.

तुम्ही कुणाला काही सांगितलं नाहीत. साडेचार वर्षं. एक शब्द बोलला असतात तर माझं ह्या घरात काय झालं असतं ते मला कळतं. मंगळवारी माझी पोर रस्त्यात आडवी न पडता फोनपर्यंत चालत गेली, ते तुमच्यामुळं. मी माफी मागते म्हणण्याइतकं माझं तोंड नाही. उपकार मानते, एवढंच लिहिते.

विद्याश्री

*

मुरगूड
१७ फेब्रुवारी

विद्याश्रीस आशीर्वाद.

पत्र पोचलं. पाकीट बघूनच कळलं, पत्ता पोरीनं लिवलाय, अक्षरं मोजून मापून काढल्यागत हाईत. तुझं अक्षर असतं तरी फोडलं असतं. पत्र फोडायचं न्हाई एवढी मी मोठी न्हाई.

ऊस गेला. गुडघा हाय तसाच हाय. शाळा माझी चौथीपर्यंतची, चुका झाल्या तर समजून घे.

तू लिवलंस ते सगळं मी दोनदा वाचलं. आता माझंबी ऐक. त्या दिवशी तू जे बोललीस त्यानं मला लागलं, ते खोटं होतं म्हणून न्हाई. थोडं खरं होतं. चाळीस दिवसांत पोरगी माझ्या अंगाला टेकून बसाय लागली. ती कुणाला हात लावू देत न्हाई, तुला ठावं हाय. सकाळी उठली की माझ्या मागं मागं यायची. परत धाडायच्या आदल्या दिवशी मनात आलं, ठेवूनच घ्यावी. गोळ्यांचं शिवाला सांगावं, म्हणजे पोरगी मला मिळंल. तुमच्या दारात येईपर्यंत ते डोक्यात होतं. तिथं तू पळत आलीस, पोरीला जवळ घ्यायला हात पुढं केलास, आणि तिला आवडत न्हाई म्हणून तसाच मागं घेतलास. ते बघितलं आणि म्हटलं, न्हाई, हे आपल्याकडनं व्हायचं न्हाई. म्हणून तुला आत न्हेलं. तरी माझ्या मनातलं तू भर लोकांत बोललीस, म्हणून मी जेवले न्हाई. चोरी धरल्यागत झालं मला.

आणि तू सारखी शिकवलं शिकवलं म्हणतीस. मला काय येतंय? मी एकटी बाई, घाई न्हाई, पावणं न्हाईत, शिट्टीचा कुकर न्हाई. तिला सोसंल असं घर माझं आधीपासनंच होतं. ती किंचाळली तर ऐकायला शेजारी कोण, तर पल्याडची बनाबाई, ती बहिरी. तू तिला भरल्या गल्लीत वाढवलीस, सासू आजारी, शाळेच्या तक्रारी, वर सगळी म्हणायची आईनं वळण लावलं न्हाई. मला चाळीस दिवसांत हात टेकायची पाळी आली. तू तेरा वर्षं एकटीनं केलंस. गोळी दिलीस ते वाईट केलंस, त्यात मी बदलून सांगणार न्हाई. पण का दिलीस ते मला आठव्या दिवशीच कळलं होतं.

शिवाला सांगितलं न्हाई कारण त्याचा राग मला ठावं हाय. त्यानं तुला माहेरी धाडलं असतं. मग पोरीजवळ कोण? मी फार तर आत्ती हाय.

आता एक. माझी माफी मागायचं काय कारण न्हाई. गोळ्या मी खाल्ल्या न्हाईत. जिच्या दुधात घातल्यास तिला सांग. शिवालाबी तूच सांग, मी सांगणार न्हाई. सांगितलंस की मग या सगळी. न सांगता येऊ नगा.

शांतव्वा

*

उचगाव
१ मार्च २००४

अक्कांना शरणार्थ.

तुमचं पत्र आठ दिवस डब्यात ठेवलं होतं. रोज वाटायचं, प्रेरणाला उद्या सांगू. शेवटी परवा शनिवारी तिला म्हटलं, "उद्या सकाळी नऊ वाजता मला तुला एक गोष्ट सांगायची आहे."

"चांगली का वाईट?"

"वाईट. मी केलेली."

"किती वेळ लागंल?"

"दहा मिनिटं."

काल बरोबर नऊला ती हॉलमधल्या खुर्चीवर येऊन बसली, भिंतीवरच्या घड्याळाकडं तोंड करून. मी सगळं सांगितलं. अव्वांच्या गोळ्या, दूध, तुम्हाला दिलेली पुडी.

मग म्हणाली, "मला माहीत होतं."

मी विचारलं, "कधीपासून?"

"सहावीपासनं. ग्लासच्या बुडाला पांढरं राहायचं. कडू लागायचं."

"मग पीत का होतीस गं?"

"प्याले की तू ओरडत नव्हतीस."

अक्का, तिनं हे रागानं सांगितलं असतं तर मला सोपं गेलं असतं. बाहेर ऊन पडलंय, अशा आवाजात सांगितलं. मला वाटत होतं मी तिला गप्प करतेय. अकरा वर्षांची पोर होती ती, आणि मला गप्प करण्यासाठी ते दूध पीत होती.

मी रडायला लागले. तिला कुणी रडलेलं सोसत नाही, कानावर हात ठेवून ती आत निघून जाते. काल गेली नाही. तिनं कानावर हात ठेवले खरे, पण बसून राहिली. थोड्या वेळानं म्हणाली, "अजून देतीस काय, कशात?"

"नाही. तू मुरगूडहून आल्यापासून एकदाही नाही."

"शपथ नको. नुसतं सांग."

"नाही."

"बरं. दूध मात्र मी पिणार न्हाई." मग घड्याळाकडं बघून म्हणाली, "दोन मिनिटं राहिल्यात." आणि ती दोन मिनिटं माझ्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसली. नऊ वाजून दहा मिनिटांनी उठून अभ्यासाला गेली.

माफ केलं असं ती म्हणाली नाही. तिला न वाटलेलं ती बोलत नाही, म्हणून मी विचारलंही नाही. आज सकाळी मात्र कॉलेजला जाताना म्हणाली, "मी पाच वाजता येईन. काही सांगायचं असलं तर साडेपाचला सांग." मला एवढं पुष्कळ आहे.

ह्यांना मी तुमचं पत्र मिळालं त्याच दिवशी सांगितलं होतं, ते लिहायचं राहिलं. जेवणाचं ताट त्यांनी पुढं सारलं. तीन दिवस बोलले नाहीत. चौथ्या दिवशी विचारलं, "अक्कानं मला का सांगितलं नाही?" मी तुमचं पत्र त्यांच्या हातात दिलं. वाचून त्यांनी ते घडी करून परत दिलं. मग म्हणाले, "घरात एवढं चाललं होतं आणि मला दिसलं नाही. मी दुकानातनं यायचो, पोरगी झोपलेली असायची, मला बरं वाटायचं." माझ्याशी अजून मोजकंच बोलतात. ते मी सोसेन. पण तुमच्याकडं यायचा दिवस त्यांनीच धरला, येत्या रविवारी. तुमच्यासाठी गुडघ्याचा पट्टा आणून ठेवलाय, आणि तो मोठा तर होणार नाही ना म्हणून मला दोनदा विचारलंय.

पुण्याच्या बाई मागच्या शनिवारी कोल्हापुरात आल्या होत्या. मी एकटीच जाऊन आले. गोळ्यांचं सांगितलं. त्या रागावल्या, रागवायलाच हवं होतं. प्रेरणाच्या काही तपासण्या करून घ्या म्हणाल्या, त्या परीक्षेनंतर करणार आहोत. आणि मी त्यांना हेही सांगितलं, की मला काही सुचलं नव्हतं, मुरगूडला माझी नणंद असते, चौथी शिकलेली, हे सगळं तिचं आहे. त्यांनी वहीत तुमचं नाव लिहून घेतलं.

रविवारी आम्ही अकराच्या सुमाराला पोचू. प्रेरणाला आधी कळायला हवं म्हणून विचारते: घरी कोण कोण असेल, आणि जेवायला काय असेल? दुकानात फोन केलात तरी चालेल. परीक्षा झाल्यावर तिला तुमच्याकडं राहायला यायचंय. किती दिवस, ते तिनं आणि तुम्ही ठरवा. मी मध्ये पडणार नाही.

फार तर आत्ती हाय, असं तुम्ही लिहिलंत. ते वाक्य मी तुम्हाला परत करते. ते खरं नाही, आणि हे सगळ्यांसमोर म्हणायला मी रविवारी येतेच आहे.

तुमची,
प्रेरणाच्या दोन आयांतली धाकटी,
विद्याश्री